हातमोज्यांच्या आतले हातमोजे

दोन वर्षांपूर्वी जयपुरातल्या आमच्या मराठी मंडळाच्या बायका बर्फ बघायला मनालीला गेल्या आणि मला नेलं नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं सगळं त्यातून घडलं. अकरा जणी गेल्या. त्यांत एकीला गाडी सुरू झाली की पाचव्या मिनिटाला मळमळतं. एकीला आपल्या उशीशिवाय झोप येत नाही, म्हणून तिची उशीसुद्धा गेली. मला मात्र म्हणे जागा नव्हती. गाडी सतरा जणांची होती. मी ड्रायव्हरलाच विचारून आले होते.

मंडळाच्या सहली ठरवतात डॉक्टरीणबाई. मूळच्या पुण्याच्या, इथल्या एका इस्पितळात आयुष्य काढलेल्या, आणि आमच्याच बनी पार्कात दोन गल्ल्या सोडून राहणाऱ्या. परत आल्यावर त्यांनी मला घरी बोलावून फोनवरचे फोटो दाखवले. मी एकूण एक फोटो पाहिला, प्रत्येकाला 'छान' म्हणाले, आणि घरी येऊन कुकर असा आपटला की त्याचा दांडा अजून हलतो.

मी इचलकरंजीची. वडील यंत्रमागावर कामाला होते. लग्नानंतर ह्यांची विमा कंपनीतली बदली जयपूरला झाली तेव्हा इथल्या ऑफिसर मंडळींच्या बायका हिवाळ्यात गच्चीवर ऊन खात बसायच्या. मी बसनं सांगानेरला जायचे, ठशांच्या छपाईच्या चादरी घासाघीस करून आणायचे आणि ऊन खाणाऱ्या त्याच बायकांना विकायचे. आज घराच्या पुढच्या दोन खोल्यांत माझं दुकान आहे. ह्यांची पुढे आणखी दोनदा बदली झाली, ते एकटे गेले आणि एकटे परत आले. मी दुकान सोडलं नाही. भाव करणं ही माझी पोटाची विद्या आहे. भाव करताना माझा आवाज चढतो, आणि तो एकदा चढला की लवकर उतरत नाही, हे मला कुणी सांगायला नको.

यंदा मार्गशीर्षातल्या शेवटच्या गुरुवारी मंडळातल्या एकीच्या घरी हळदीकुंकू होतं. डॉक्टरीणबाईंनी जाहीर केलं, संक्रांतीनंतर पुन्हा मनाली. मी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "यंदा गाडी केवढी आहे?"

कुणी बांगड्या चाळवल्या, कुणी नारळाकडे बघत बसलं. डॉक्टरीणबाई मात्र माझ्या हाताकडे बघत होत्या. मी नुकतीच अंगणातल्या नळावर फळं धुऊन आले होते. थंडीत माझ्या उजव्या हाताची दोन बोटं खडूसारखी पांढरी पडतात, मग निळी होतात, आणि ऊब मिळाली की ठणकत लाल होतात. चार-पाच वर्षं झाली. मी ते कुणाला दाखवत नाही. त्यांनी माझा हात ओढून घेतला.

"हे कधीपासून?"

"तुमची गाडी लहान झाली तेव्हापासून."

बायका हसल्या. त्या हसल्या नाहीत. त्यांनी तपासण्या लिहून दिल्या, मी त्या करून घेतल्या, काही वाईट निघालं नाही. पण बोटं गार पडू द्यायची नाहीत, एवढं त्यांनी दटावून सांगितलं.

"मग मनालीचं काय?" मी विचारलं.

"चल की. पण हे हात घेऊन नाही."

"म्हणजे हात घरी ठेवून येऊ?"

"हे बघ, तू स्कूटरवर सांगानेरला जातेस ना? संक्रांतीनंतरच्या पहिल्या रविवारी सकाळी सातला मी तुझ्यामागे बसते. तिथं उतरल्यावर मला बोटं दाखवायची. गुलाबी असली तर तू आमच्याबरोबर. पांढरी असली तर मी नेणार नाही, मग कितीही भांड."

मी घरी येताना विचार करत होते. डॉक्टर म्हणून बोलल्या की मागच्यासारखीच जागा नाकारायची नवी तऱ्हा काढली? मला ही दुसरी शंकाच खरी वाटत होती. जानेवारीत सकाळी सातला, धुक्यात, स्कूटरवर पंधरा किलोमीटर! जयपूरची थंडी ज्यानं फक्त सिनेमात पाहिली आहे त्याला हे कळायचं नाही. पण मला बर्फ बघायचा होता. पन्नाशी उलटली, अजून मी बर्फ पाहिला होता तो उसाच्या रसातला.

ह्यांनी सल्ला दिला, "एकावर एक दोन जाड हातमोजे घाल. साधी गोष्ट आहे." साध्या गोष्टी सांगायला ह्यांना फार आवडतं. मी चारदीवारीतल्या, म्हणजे तटाच्या आतल्या जुन्या शहरातल्या, बाजारात गेले. दुकानदारानं लोकरीचे जाडजूड हातमोजे दाखवले. मी दोनदा उठून गेले, दोनदा त्यानं हाक मारली, आणि शेवटी एकाच्या पैशांत जवळपास दोन जोड्या घेतल्या. तो म्हणाला, "बहनजी, कल से आप ही बैठ जाइए गद्दी पर." मी खूश. दोन्ही जोड्या एकाच मापाच्या होत्या, हे मात्र घरी आल्यावर लक्षात आलं. एकावर एक चढवले तर बोटं भरल्या वांग्यासारखी टरारली. ब्रेक दाबता येईना. दुसऱ्या दिवशी सकाळी घरापासून स्टेशनपर्यंत जाऊन आले तेवढ्यात दोन्ही बोटं पांढरी. दोन मोज्यांत बोटं आवळली गेली की रक्तही पुढे जात नाही आणि गरम हवा राहायलाही जागा उरत नाही, हे मी त्या दिवशी शिकले. ह्यांनी नुसतं "अरेच्चा" म्हटलं.

मग मी माझं डोकं चालवलं. बाहेर एक ढगळ, वारा अडवणारा रेक्झिनचा मोजा, आणि आत काहीतरी पातळ, अंगाबरोबर बसणारं. हे डोकं बरोबर चाललं होतं. पुढे चुकलं. पातळ म्हटल्यावर मला सुचलं सूत. आमच्या घरात सूत विणलं गेलं, सूत विकून मी मुलीचं शिक्षण केलं. सुताहून चांगलं काही या जगात असेल असं माझ्या मनातही येत नाही. मी सांगानेरी मलमलचा दुहेरी तुकडा काढला, माझ्या शिवणाऱ्या बाईंकडून हाताच्या मापाचे आतले हातमोजे शिवून घेतले. पांढऱ्यावर लाल बुटी. इतके सुंदर दिसत होते की ते झाकायला बाहेरचा मोजा घालणं जिवावर आलं.

संक्रांतीच्या चार दिवस आधी मी ते घालून एकटी सांगानेरला निघाले. धुकं एवढं की पुढच्या ट्रकचा मागचा दिवासुद्धा लाजत लाजत दिसावा. पण हात गरम! पोचल्यावर मोजे काढून बघितलं, बोटं गुलाबी. मी एकटीच मोठ्यानं हसले. छपाईवाले म्हातारे काका, ज्यांच्याकडून मी वीस वर्षं माल घेते, ते म्हणाले, "आज बहनजी बिना लड़े हँस रही हैं?"

ते बोलून त्यांनी स्वतःवर ओढवून घेतलं, कारण माझ्या चादरी तयार नव्हत्या. धुऊन टांगलेलं कापड तसंच ओलं लोंबत होतं. मी अर्धा तास त्यांना झापलं. गिऱ्हाईक खोळंबलंय, दर हिवाळ्यात हेच, तुमच्याकडे काही सोय नाही का. काका शांतपणे विडी विझवून म्हणाले, "बहनजी, सूत एक बार पानी पी ले तो कोहरे में छोड़ता नहीं. सूरज को बोलिए."

जेवढ्या वाळल्या होत्या त्या चादरींचे गठ्ठे मीच बांधले, हातमोजे न काढता, दोऱ्या करकचून आवळत. मग परत निघाले. टोंक रोडवर निम्म्या वाटेत हात असे गारठले की स्कूटर बाजूला घ्यावी लागली. चहाच्या टपरीवर बाहेरचा मोजा ओढून काढला. आतली मलमल घामानं ओलीचिंब आणि बर्फासारखी गार, बोटं पांढरीफटक. ज्या ओल्या सुतासाठी मी काकांशी अर्धा तास भांडून आले होते, तेच ओलं सूत हातात घालून मी वाऱ्यात पंधरा किलोमीटरची मिजास करत होते. आयुष्यभर सूत विकलं, सूत पाणी पितं हे मला ठाऊक नव्हतं होय? ठाऊक होतं. पण आपल्या मालाबद्दल माणूस कधी वाईट विचार करत नाही.

चहाचा ग्लास दोन्ही तळव्यांत धरून मी ठरवलं की आता एकच जागा उरली.

ती जागा मी आठ वर्षं टाळली होती. हिवाळ्यात तिबेटी लोक जयपुरात लोकरीच्या कपड्यांचा बाजार मांडतात. प्रत्येक दुकानावर पाटी: एक दाम. म्हणजे माझ्यासारखीला दारातच 'जा' म्हटल्यासारखं. आठ वर्षांपूर्वी तिथं एका स्वेटरवरून मी एवढी तडकले होते की पुन्हा पाऊल टाकणार नाही म्हणाले होते. पण गरज पडली की शपथा बाजूला ठेवायच्या असतात. मी भवानीच्या वेळेला गेले. दिवसाचं पहिलं गिऱ्हाईक कुणी रिकामं पाठवत नाही, हा बाजाराचा नियम मला कायम उपयोगी पडला आहे.

दुकानात माझ्याच वयाची एक बाई लोकर विणत बसली होती. मी माझा रेक्झिनचा मोजा तिच्यासमोर ठेवला आणि आत घालायला पातळ हातमोजे मागितले. तिनं तीन जोड्या मांडल्या. काळी, राखाडी, आणि एक तपकिरी.

"तीनों ऊन?" तिन्ही लोकरीचे का, असं मी विचारलं.

"नहीं दीदी. एक ही ऊन है."

"कौन सा?"

"आप बताओ," ती म्हणाली आणि विणत राहिली.

मला आव्हान दिलेलं चालत नाही. मी काड्यापेटी मागितली. तिनं हसून शेजारच्या दुकानातून आणून दिली. प्रत्येक मोज्याच्या आतल्या शिवणीला लोंबणारा एकेक धागा मी तोडला आणि दुकानाबाहेर येऊन पेटवला. काळ्याचा धागा वितळून कडक मणी झाला: प्लास्टिकचाच भाऊ. राखाडीचा थोडा जळला, थोडा वितळला: भेसळ. तपकिरी चुरचुरला, जळक्या केसांचा वास आला आणि बोटांत चोळल्यावर त्याची राख झाली. मी परत येऊन तपकिरी जोडी उचलली. बाईंनी सुया खाली ठेवल्या. त्या बाजारात पहिल्यांदा कुणी माझ्याकडे आदरानं बघितलं.

"अब पहनो," ती म्हणाली. "मुट्ठी बनाओ. खोलो. फिर बनाओ."

मी मूठ वळली, उघडली. कापड कुठे ताणलं नाही, कुठे गोळा झालं नाही. मनगटाच्या वर चार बोटं येत होतं. स्वेटरच्या बाहीखाली घालायला पुरेसं. मग तिनं गल्ल्यावर एक शिवायची सुई ठेवली आणि मला उचलायला सांगितली. उचलली. माझा रेक्झिनचा मोजा त्यावर चढवला, पुन्हा मूठ. तिनं माझ्या बोटांची टोकं एकेक करून दाबली, जशी आपण आंब्याची देठाकडची बाजू दाबून बघतो.

"यहाँ तंग है," अंगठ्याजवळ बोट ठेवून ती म्हणाली. "बाहर वाला एक नंबर बड़ा लो. अंदर वाला यही ठीक है. और सामान उठाना हो तो बाहर वाला उतार दो, नहीं तो पसीना आएगा."

म्हणजे सुतानं मला जे शिकवलं ते या बाईला आधीच माहीत होतं. मी मनात म्हटलं, बाई हुशार आहे. आता भाव करायला मजा येईल. मी सुरुवात केली. पहिलं गिऱ्हाईक आहे, म्हटलं. ती हसली. आतले आणि बाहेरचे दोन्ही घेते, म्हटलं. ती हसली. मी उठून दारापर्यंत गेले. हाक आली नाही! मी बाहेर उभी राहून शेजारच्या टोप्या बघितल्या, पाच मिनिटं, एकेक टोपी उलटून. हाक नाही. परत आत गेले आणि शेवटचा पत्ता टाकला: मंडळाच्या बारा बायकांसाठी बारा जोड्या घेतल्या तर?

"तो बारह का दाम," ती म्हणाली.

"बहनजी, आप इन्सान हो कि पत्थर?"

"दीदी, ऊन हूँ," तिनं सुया पुन्हा हातात घेतल्या. "जलाओगे तो भी वही रहूँगी."

मी मोठ्यानं हसले. रागानं आवाज चढवायची वेळ झाली होती, तोंडही उघडलं होतं, आणि हसूच बाहेर आलं. पाटीवर लिहिलेले पूर्ण पैसे दिले. आयुष्यात पहिल्यांदा. घरी ह्यांनी विचारलं, "कितीत पाडलंस?" मी म्हणाले, "चहा ठेवा."

रविवारी सकाळी सातला डॉक्टरीणबाई फाटकाशी उभ्या होत्या. डोक्यावर माकडटोपी, हातात चामड्याचे हातमोजे, मुलानं परदेशातून पाठवलेले. मला दाखवून म्हणाल्या, "अस्सल चामडं आहे." मी आतला मोजा चढवला, मग बाहेरचा, बाही खाली ओढली, स्कूटर चालू केली. बोटांचं मला आत काही कळत नव्हतं; गरम वाटतात की मला तसं वाटून घ्यायचं आहे, हेच समजेना. सिग्नलला थांबले की मी बोटं आतल्या आत हलवून बघायचे. स्टेशनपर्यंत ठीक. पुढच्या चौकापर्यंत ठीक. टोंक रोडवरच्या त्या चहाच्या टपरीजवळ मी श्वास रोखला. ठीक.

दुर्गापुऱ्याच्या पुढे मागून आवाज आला, "अगं, जरा हळू घे."

"का? भीती वाटते?"

"हात गारठले माझे."

"अस्सल चामडं आहे ना?"

"चावटपणा पुरे. मी हात तुझ्या शालीत घालते."

आणि डॉक्टरीणबाईंनी दोन्ही हात माझ्या शालीत, थेट काखेत खुपसले. मी ओरडले, स्कूटर नागमोडी गेली, एका ई-रिक्षावाल्यानं आम्हा दोघींना मारवाडीत काहीतरी सुनावलं आणि मी त्याला कोल्हापुरीत परत केलं. त्या मागे हसून हसून गुदमरत होत्या.

सांगानेरला काकांच्या अंगणात उतरलो. मी बाहेरचे मोजे काढले, मग आतले, बोटागणिक सावकाश, डोळे मिटून. हात पुढे केला.

त्या नखं दाबून सोडत होत्या, रंग परत येतो का बघत होत्या. मला राहवेना.

"सांगा की!"

"माझी बघ आधी," असं म्हणून त्यांनी आपले हात शेजारी धरले. त्यांची बोटं जांभळट, माझी गुलाबी. काकांनी वाकून दोन्ही हातांकडे बघितलं आणि निकाल दिला, "बहनजी का रंग पक्का है." छपाईवाल्याच्या तोंडून याहून मोठं कौतुक येत नाही.

"चल," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तुझी जागा पक्की."

आता गप्प बसायचं, हे मला कळत होतं. पण मी बसले नाही. "दोन वर्षांपूर्वीही गाडी सतराचीच होती," मी म्हणाले.

त्यांनी हात चोळले. मला वाटलं टाळतील. "हो," त्या म्हणाल्या. "जागा होती. तू भांडतेस म्हणून नेलं नव्हतं. दर दुकानात अर्धा तास, आणि आम्ही गाडीत बसून राहायचं. सगळ्यांनी तसं ठरवलं, आणि मी हो म्हटलं. ते चुकलं माझं."

"आणि यंदा?"

"यंदा सगळ्यांनी ठरवलं की तू हवीस. तिथं बर्फातले कोट आणि बूट भाड्यानं घेताना आम्हाला त्या माणसानं असं लुबाडलंय की काय सांगू. अकरा शिकलेल्या बायका, एकीला तोंड उघडता आलं नाही." मग माझ्या बोटांकडे बघून म्हणाल्या, "पण हातांचं मी खरंच बोलले होते. पांढरी असती तर नेलं नसतं."

दोन वर्षं मी जे लोकांना सांगत होते, ते खरं निघालं. मला वाटलं होतं ते ऐकल्यावर मी पेटून उठेन. तसं झालं नाही. उलट खांद्यावरचा गठ्ठा कुणी उतरवून घ्यावा तसं वाटलं. माफ केलं असं मात्र मी म्हणाले नाही. काही माल थोडा वेळ दुकानात ठेवायचा असतो.

मनालीच्या वर कोट-बूटवाल्याशी मी चाळीस मिनिटं बोलले. ड्रायव्हर भोंगा वाजवत होता, गाडीतून उशीवालीनंच त्याला दटावलं, "भैया, रुको, वो बात कर रही हैं!" कोट आले, बूट आले, वर त्यानं आम्हा बारा जणींना चहा पाजला, आणि जाताना मला हात जोडले.

मग बर्फ. त्याचं वर्णन मला येत नाही. मी नुसती उभी राहिले. वाकून मूठभर उचलला आणि वाट बघत राहिले की आता वितळेल, पाणी होईल. पण तो माझ्या हातावर तसाच राहिला. आतली ऊब आत होती, बाहेरची थंडी बाहेर. दोघींची गाठच पडत नव्हती. कोरडा, पांढरा, मिठासारखा. दोन्ही तळव्यांत दाबून मी त्याचा चांगला लाडवाएवढा गोळा वळला. बोटं एकेक करून आत हलवून बघितली. दहाही शाबूत.

डॉक्टरीणबाई थोड्या पुढे, पाठमोऱ्या, फोटो काढत उभ्या होत्या. मी दोन वर्षांचा हिशेब मनगटात घेतला आणि गोळा त्यांच्या पाठीत घातला.

नेम चुकला नाही.